बसलिंगप्पा निजला ती जागा

बसलिंगप्पा मेलेल्या माणसाचं सोंग करायचा आणि त्याबद्दल त्याला दिवसाची पुरी हजेरी मिळायची. हे सांगितलं की लोक हसतात. पहिल्या दिवशी मीही हसलो होतो.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा तिसरं वर्ष लागलं होतं. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या पाहिजे होत्या, क्वार्टर पाहिजे होते, पाण्याच्या टाक्या पाहिजे होत्या. ज्या गावात तोवर डाळमिलीच्या धुराड्याहून उंच काही नव्हतं, तिथं जिकडं बघावं तिकडं बांबूच्या परांच्या उभ्या राहिल्या. पाऊस मात्र लागोपाठ दोन वर्षं फिरकला नव्हता. खेड्यापाड्यातली माणसं सकाळच्या पहिल्या एसटीनं येऊन चौकात उभी राहायची आणि मुकादम बोट दाखवील त्याच्या मागं चालू लागायची.

मी एका ठेकेदाराकडं स्टोअरकीपर होतो. काथ्याचे दोर, खिळे, घमेली, सिमेंटची पोती, सगळं माझ्या ताब्यात. नाव मन्मथ, जातीनं जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित. वडील गावात लग्नं लावायचे आणि मयताला माती द्यायचे. मी दहावी होऊन गोडाऊनची किल्ली घेतली, तरी बसलिंगप्पासारखे आमच्यातले मजूर मला ‘स्वामी’च म्हणायचे.

बसलिंगप्पा देवणीकडचा. बहात्तरच्या दुष्काळात तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता. तलावाच्या कामावर त्यानं माती वाहिली, सरकारी सुकडी खाल्ली. त्या साली वाळलेलं अंग पुन्हा भरलंच नाही, असं त्याची बायको सिद्धम्मा सांगायची. परांची बांधण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. बोलायचा कमी. विचारलेल्याचं उत्तर द्यायचा आणि पुन्हा गाठ आवळायला लागायचा.

ठेकेदाराच्या नांदेडच्या एका कामावर माणूस दगावला आणि वरून कागद आला: प्रत्येक मजुराला सुरक्षिततेचं शिक्षण सक्तीचं. दर आठवड्याला सकाळी एक तास, आमच्या कामावर तो सोमवारी. रजिस्टरवर अंगठा उठवल्याशिवाय त्या आठवड्यात काम नाही.

हे शिक्षण द्यायला ठेकेदारानं आप्पासाहेबांना आणलं. मुदखेड जंक्शनला त्यांनी रेल्वेत तीस वर्षं काढली होती. कुठं गाडी घसरली, कुणी रुळावर सापडलं, की जी टोळी धावायची त्या टोळीत ते होते. खाकी पॅन्ट, गळ्यात शिट्टी, हातात पत्र्याची पेटी आणि काखेत गुंडाळलेलं कॅनव्हासचं स्ट्रेचर.

पहिल्या सोमवारी त्यांनी सगळ्यांना कचेरीच्या कामासमोर उभं केलं. टोपी घाला, वर काम चालू असेल तर खालून जाऊ नका, चढण्याआधी गाठ बघा. लोक तंबाखू मळत ऐकत होते. मग त्यांनी स्ट्रेचर उलगडलं.

“पडलेल्या माणसाला कसं उचलायचं ते दाखवतो. एक जण निजा.”

एक जाडा मिस्त्री निजला. चौघांनी हात लावताच त्याला गुदगुल्या झाल्या. सगळे हसले. आप्पासाहेब हसले नाहीत. त्यांची नजर बसलिंगप्पावर गेली.

“तू ये. हलका आहेस. तिकडं कुठंतरी नीज, सगळ्यांना दिसेल असं.”

बसलिंगप्पा पुढं आला, त्यांना ओलांडून सरळ चालत गेला आणि मागच्या भिंतीजवळ, विटांच्या चुऱ्यावर आडवा झाला.

“डोळे मीट. अंग सैल सोड. जखमी माणूस आपल्याला मदत करत नसतो,” आप्पासाहेब म्हणाले.

आणि त्यानं अंग सोडलं. कसं सोडलं ते सांगता येत नाही. मान एकीकडं कलली, जबडा उघडा पडला, बोटं अर्धवट वळून राहिली. माशी ओठावर बसली तरी ओठ हलला नाही. विटा वाहणारी कोंडाबाई एकदम ओरडली, “अगं माय, ह्यो गेला की!” आणि खरंच रडायला लागली. चौघं जण उचलायला वाकले तेव्हा त्यातल्या दोघांनी आधी त्याच्या नाकाशी बोट धरून बघितलं. मान धरा, पाठ एका रेषेत ठेवा, एकदम उचला, आप्पासाहेब सांगत होते आणि ते शब्द सोडले तर साऱ्या कामावर आवाज नव्हता.

शिट्टी वाजली. बसलिंगप्पा उठून बसला, चुरा झटकला. त्या दिवशी एकानंही कुरकुर न करता अंगठा दिला.

आप्पासाहेबांना पाहिजे तेच मिळालं होतं. “मी वर्षभर बोललो असतो तरी एवढं झालं नसतं,” ते मला म्हणाले. त्यांनी ठेकेदाराशी बोलून बसलिंगप्पाला मागून घेतलं. त्यानंतर दिवसाआड दोघं कुठं ना कुठं जायचे. लातुरात दोन-तीन कामं, नांदेडला दोन, अर्धापूरला केळीचं गोदाम, कंधारला क्वार्टर. सामानाचा ट्रक जायचा तेव्हा त्यात मीही असायचो. जाईल तिथं तेच: आधी खिदळणं, मग बसलिंगप्पा निजायचा, मग शांतता.

अर्धापूरहून येताना ट्रकच्या मागं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर आम्ही दोघंच होतो. दुतर्फा केळीच्या बागा वाळून काळ्या पडल्या होत्या.

“स्वामी, एक विचारू?”

“विचार की.”

“तुमच्या वडलांनी लई माती दिल्या असतील.”

“दिल्या.”

“आपल्यात मयत बसवून पुरतेत. निजवत न्हाईत.”

“हाव. त्याचं काय?”

तो पोत्याचा दोरा उसवत राहिला. “मी डोळे मिटून पडलो की कुणीतरी येऊन माझ्या उशाला बसतंय.”

मी म्हणालो, “कुणी मजूर बसत असंल.”

“मजूर समदे समोर उभं असतेत. साहेबांचा आवाज तिकडून येत असतोय. अन् हे इकडं बसलेलं. मांडी घालून. कापड घासल्याचा आवाज येतोय. श्वास मात्र न्हाई.” थोड्या वेळानं त्यानं पुढं सांगितलं, “दर बारीला न्हाई येत. नांदेडला कुणीच नव्हतं. लातुरात पहिल्या दिवशी होतं. आज होतं.”

“भ्या वाटत न्हाई?”

“तवा वाटत न्हाई. उठल्यावर वाटतंय.”

मी त्याला देवाचं नाव घे म्हणालो. दुसरं काय सांगणार? वडील असते तर त्यांनी काही सांगितलं असतं. मला गोडाऊनच्या पलीकडचं काही येत नव्हतं.

आषाढ कोरडाच चालला होता. अशा एका मंगळवारी आप्पासाहेब आणि बसलिंगप्पा कंधारला गेले. मी त्या दिवशी लातुरातच होतो. कंधारला किल्ल्याकडच्या बाजूला क्वार्टरचं काम चालू होतं. बसलिंगप्पा नेहमीसारखा निजला, लोकांनी उचललं, अंगठे झाले. गुरुवारी निवृत्ती नावाचा एक गिलावा करणारा परांचीवरून खाली आला. फळीच सरकली. चार लेकरांचा बाप, जागच्या जागी गेला.

तो जिथं पडला ती जागा तिथल्या मजुरांनी लगेच ओळखली. मंगळवारी बसलिंगप्पा तिथंच निजला होता. डोकं त्याच बाजूला, पायही त्याच बाजूला.

ही बातमी कंधारहून लातूरला एसटीपेक्षा लवकर आली. पुढच्या सोमवारी आमच्या कामावर बसलिंगप्पा निजून उठला, तर लोकांनी त्या जागेभोवती चुन्याचं रिंगण ओढलं. कुणी सांगितलं नव्हतं. दिवसभर एकही माणूस त्या रिंगणात पाय घालेना. घमेली घेऊन जाणाऱ्या बायका लांबून वळसा घालायच्या. मुकादम शिव्या देऊन दमला. त्याच्या पुढच्या सोमवारी दुसरं रिंगण झालं.

लोक त्याला वाईट बोलले नाहीत. तेवढं झालं असतं तरी बरं होतं. ते फक्त सरकायचे. तो भाकरी सोडून बसला की आजूबाजूची जागा मोकळी व्हायची. त्यानं बांधलेल्या परांचीवर मात्र सगळे बिनधास्त चढायचे, कारण त्याच्या गाठीवर कुणाचाच अविश्वास नव्हता.

सिद्धम्मा एकदा माझ्याकडं रिकामी पोती मागायला आली तेव्हा सांगत होती. त्यांच्या वस्तीत तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि पाण्यासाठी डोकी फुटायची. “आता मी घागर घिऊन गेले की बाया वाट सोडतेत. पयला नंबर माझा. घागर भरंस्तोवर टँकरापाशी कुणी थांबत न्हाई. इतकं निवांत पाणी मी जल्मात भरलं न्हाई, स्वामी.” हे बोलताना तिनं डोळ्याला पदर लावला. “आपल्यात मयत निजवत न्हाईत म्हणून मी गप बसले हुते. म्हणलं निजलेला म्हंजी जिता, सोंगच हाय. आता त्यांना सांगा, बास करा म्हणावं.”

तिनं सांगायच्या आधीच बसलिंगप्पानं ठरवलं होतं. त्या शनिवारी तो गोडाऊनमध्ये आला. आप्पासाहेब तिथंच पेटीतल्या पट्ट्या मोजत होते.

“साहेब, मी हे काम सोडतो. मला परांचीवर पाठवा.”

“का?”

“तुमी जागा दावता, मी निजतो. अन् तितं माणूस मरतंय. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.”

आप्पासाहेबांनी पेटी बंद केली. ते बसलिंगप्पाकडं असे बघत होते की मला वाटलं, आता हे रागावणार.

“मी जागा दाखवतो?” ते म्हणाले. “बसलिंग, आठवून सांग. मी एकदा तरी जागा दाखवली का?”

“दावता की. तिकडं नीज म्हणता.”

“मी म्हणतो, कुठंतरी नीज. तू मला ओलांडून चालत जातोस. मोकळी जागा सोडून जातोस. अर्धापूरला मधोमध चांगलं मैदान होतं, तू कोपऱ्यात जाऊन निजलास. हे मन्मथ होते तिथं, विचार.”

बसलिंगप्पानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली, कारण ते खरं होतं. पहिल्या दिवसापासून खरं होतं आणि मी ते बघत आलो होतो.

बसलिंगप्पा पोत्यावर बसला.

आप्पासाहेब हळू आवाजात बोलायला लागले. “आमच्या टोळीत असा एक जण होता. घसरलेल्या डब्यात शिरला की सरळ जिवंत माणसापाशी जायचा. कसं कळतं म्हणून आम्ही कधी विचारलं नाही. तू पहिल्या दिवशी भिंतीजवळ निजलास, तेव्हा मी सहज वर बघितलं. तुझ्या डोक्यावरच्या परांचीचा दोर कुजला होता. संध्याकाळी मी तो बदलून घेतला. अर्धापूरला तुझ्या वर दगडाची फरशी अर्धी बाहेर लोंबत होती. ती मी काढायला लावली. तिथं कुणी पडलं का?”

“न्हाई.”

“तेव्हापासून तू निजलास की मी वर बघतो. माझं शिक्षण म्हणजे तेवढंच आहे. बाकी सगळं अंगठ्यापुरतं.”

“अन् कंधारला?” बसलिंगप्पानं विचारलं.

आप्पासाहेबांनी शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. “कंधारला ऊन डोळ्यावर आलं. म्हटलं, उचलून झाल्यावर बघू. मग रजिस्टर, मग चहा, मग गाडीची वेळ. राहून गेलं.”

बाहेर खडीचं मशीन चालू होतं.

“मग साहेब,” बसलिंगप्पा शेवटी म्हणाला, “अर्धापूरला जो माझ्यापाशी येऊन बसला हुता, तो मग कुठं गेला?”

आप्पासाहेबांना तो काय विचारतोय ते कळलं नाही. मला कळलं. अर्धापूरला कुणी मेलंच नव्हतं, मग मयतासारखं बसलेलं ते कोण?

त्यानं काम सोडलं नाही. “सोडलं तर बघायला कुणी न्हाई,” एवढंच सिद्धम्माला सांगितलं.

त्या वर्षी गावाबाहेर पाण्याची उंच टाकी बांधायला घेतली होती. पाणी नसलेल्या गावात पाण्याची टाकी, म्हणून लोक थट्टा करायचे आणि तिच्याकडं रोज बघायचेही. खांब उभे राहिले होते. वर टाकीच्या तळाचा स्लॅब भरायचा होता आणि त्याच्या आधाराला लाकडी बल्ल्यांचं जंगल उभं होतं. सगळं काळ्या रानात. त्या रानाला उन्हानं इतक्या भेगा पडल्या होत्या की त्यांत हात कोपरापर्यंत जायचा. स्लॅबसाठी ठेकेदारानं आठ दिवस खटपट करून टँकर मिळवले आणि पाण्याची पिंपं एका बाजूला रांगेनं भरून ठेवली. पिंपांशेजारी ताडपत्री बांधली होती. दुपारी बायका तिथं भाकरी खायच्या. ताडपत्रीच्या बांबूंना लेकरांच्या झोळ्या टांगलेल्या असायच्या.

सोमवार होता. स्लॅब भरायला सुरुवात करण्याआधी शिक्षणाचा तास. साठ-सत्तर माणसं. आता कुणी हसत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष बसलिंगप्पाच्या पायांकडं.

“कुठंतरी नीज,” आप्पासाहेब म्हणाले आणि लगेच वर बघायला लागले.

बसलिंगप्पा बल्ल्यांच्या जंगलाकडं गेला. सगळ्यांनी श्वास धरला. तो जंगलाच्या कडेकडेनं चालत राहिला, थांबला नाही. वळून बाहेर आला, पिंपांपाशी आला आणि ताडपत्रीच्या तोंडाशी, जमिनीवर कान टेकवून आडवा झाला.

आप्पासाहेबांनी वर बघितलं. वर काहीच नव्हतं. निरभ्र आभाळ आणि त्यात एक घार. लोकांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी म्हणालं, “आज सुटलाव.”

चौघांनी त्याला उचललं, ठेवलं. शिट्टी वाजली. तो उठला नाही. आप्पासाहेबांनी पुन्हा शिट्टी वाजवली. मी पुढं गेलो आणि त्याच्या हाताला हात लावला. त्या उन्हात त्याचा हात रांजणासारखा गार होता.

“बसलिंगप्पा, ऊठ.”

डोळे न उघडता तो म्हणाला, “खाली पाणी वाहूलालंय.”

मागं हशा पिकला. “लातुरात पाणी! थांबा, तितं बोअर मारा!” सगळ्यांना हसायला हवंच होतं.

तो उठून बसला. माझं मनगट त्यानं घट्ट धरलं आणि कानाशी तोंड आणलं. “स्वामी, आज मोजता येईना झाले. ओळीनं बसलेत. बायका हायत. मांडीवर लेकरं हायत.”

तो हळू बोलला, पण कोंडाबाई जवळच उभी होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा ताडपत्रीकडं. मग काही न बोलता गेली आणि तिच्या नातीची झोळी सोडली. दुसऱ्या बाईनं दुसरी सोडली. मुकादम ओरडत होता, “काय चाललंय?” कोंडाबाई म्हणाली, “आमी रस्त्याच्या पल्याड बसणार. हजेरी कापायची तर काप.” पाच मिनिटांत ताडपत्रीखाली काही उरलं नाही.

आप्पासाहेब इंजिनिअरकडं गेले. “आज स्लॅब भरू नका.”

“का?”

ह्या का-ला त्यांच्याकडं कागदावर लिहिता येईल असं उत्तर नव्हतं. इंजिनिअर वाईट माणूस नव्हता. त्यानं टँकर दाखवले, कालवलेला माल दाखवला. बल्ल्या त्यानं स्वतः तपासल्या होत्या, पुन्हा एक फेरी मारून तपासल्या. सगळ्या सरळ, पाचर घट्ट. काम सुरू झालं.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. वरचे लोक उतरले आणि रस्त्यापलीकडं बायकांच्या बाजूलाच जाऊन बसले. आप्पासाहेब जेवायला गेले नाहीत. पिंपांभोवती ते घुटमळत होते, अजून वरच बघत होते. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खाली बघितलं. एका पिंपाच्या बुडातून धार गळत होती. बारीक, करंगळीएवढीसुद्धा नाही. जमीन ओली दिसत नव्हती, कारण पाणी जमिनीवर थांबतच नव्हतं. ते सरळ भेगेत जात होतं आणि भेग बल्ल्यांच्या खाली गेली होती. किती दिवसांपासून, देव जाणे.

ते गुडघ्यावर बसले आणि भेगेत हात घातला. आम्ही पलीकडून बघत होतो. त्यांनी हात काढला तेव्हा तो कोपरापर्यंत काळ्या चिखलानं माखला होता. बसलिंगप्पा ओरडला, “साहेब, भाईर या!”

त्यांनी शिट्टी तोंडाला लावली. वाजली का नाही, मला आठवत नाही. एक बल्ली जमिनीत हातभर खाली गेली, अगदी सावकाश, कुणी वरून दाबल्यासारखी. मग शेजारची. मग सगळं जंगल ताडपत्रीच्या बाजूला कललं आणि ओल्या सिमेंटसकट खाली आलं. धूळ उडाली नाही. ओला, जड आवाज झाला आणि मग काही वेळ घारीचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं.

बसलिंगप्पा सगळ्यांच्या आधी धावला. आप्पासाहेब कडेला सापडले होते. एक बल्ली मांडीवर होती. आम्ही ती उचलली. त्यांना तसंच ओढून काढायला दोघं पुढं झाले, तर बसलिंगप्पानं त्यांना ढकललं. “हात लावू नका! मान धरा. पाठ सरळ. मी म्हणल्यावर उचलायचं.” दर सोमवारी मिटल्या डोळ्यांनी त्यानं ते शब्द ऐकले होते. स्ट्रेचर आलं. चौघांनी एकदम उचललं, एकाचाही पाय वाकडा पडला नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, कुणी आणलं ह्यांना, नीट आणलंत.

त्या दिवशी कुणी मेलं नाही. ताडपत्री जिथं होती तिथं सिमेंट आणि लाकडाचा कमरेएवढा ढीग होता. चार दिवस तो उचलायला लोक हात लावेनात.

आप्पासाहेबांचा पाय गुडघ्यातून कायमचा आखडला. ते मुदखेडला गेले, परत आले नाहीत. कामाची चौकशी झाली, टाकी पुढच्या वर्षी पुरी झाली. पण सोमवारचा तास चुकवता येत नव्हता, कागद होता. ठेकेदारानं शिट्टी बसलिंगप्पाच्या गळ्यात घातली.

पहिल्या सोमवारी त्यानं टोपीचं सांगितलं, गाठीचं सांगितलं. परांचीवाला माणूस, त्यामुळं गाठीचं त्यानं फार चांगलं सांगितलं. मग स्ट्रेचर उलगडलं आणि कुणीही पुढं येईना. सत्तर माणसं खाली मान घालून उभी. तो स्वतः निजू शकत नव्हता, कारण मग शिकवणार कोण? तो घाबरल्यासारखा दिसत होता. मी त्याला इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

“हटा तिकडं,” कोंडाबाई म्हणाली. तिनं पदर खोचला आणि होती तिथंच, सगळ्यांच्या मधोमध, आडवी झाली. “बायांनीच उचला गं मला. गड्यांनी हात लावायचा न्हाई.”

चार बायांनी तिला उचललं. ती जड होती. एकीचा हात सुटला, कोंडाबाईनं डोळे उघडून तिला शिवी दिली आणि सगळं काम हसायला लागलं. बसलिंगप्पा हसला नाही. तो तिच्या आजूबाजूच्या जमिनीकडं बघत होता, एकेका बाजूला, शांतपणे. मग त्यानं शिट्टी वाजवली.

पुढं अकरा वर्षं त्यानं ते काम केलं. त्याच्या तासानंतर माणूस पडला, असं मी ऐकलं नाही. तास नसलेल्या कामांवर पडले. तास घेण्याआधी तो एकटा सगळ्या कामावर फेरी मारायचा. कधी एखादी पाचर बदलायला सांगायचा, कधी काहीच नाही. लोक हळूहळू त्याच्याजवळ बसायला लागले. मग ठेकेदार म्हातारा झाला, धंदा मोडला. बसलिंगप्पा देवणीला परत गेला. मी एका दुकानात हिशेबनीस झालो.

मागच्या उन्हाळ्यात तो मला उदगीरच्या बसस्टँडवर भेटला. सिद्धम्माला डोळ्याच्या डॉक्टरकडं आणलं होतं. ती बाकावर पेरू खात बसली होती. “शरणार्थ, स्वामी,” म्हणून त्यानं माझे हात हातात घेतले. आम्ही बोलत उभे होतो, लेकी कुठं दिल्या, सोयाबीन काय भावानं गेलं. बोलता बोलता तो थांबला. रस्त्यापलीकडं कुणाचं तरी चार मजली काम चालू होतं. तो तिकडं बघत होता.

“आलोच,” म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला.

मी बघत होतो. तिथला मुकादम तरुण होता, कानाला मोबाइल. म्हाताऱ्यानं त्याला काहीतरी सांगितलं. मुकादमानं हातानं जा म्हणून खूण केली. म्हातारा हलला नाही. जिन्याजवळ विटांची एक मोठी चळत रचलेली होती, तिच्याकडं बोट करून तो बोलत राहिला. कामगार गोळा झाले, हसले. तो उभाच.

“येतील,” सिद्धम्मा पेरूची बी थुंकत म्हणाली. “असंच असतंय. कुठं जायाचं ठरवलं की दोन तास धरून निघावं लागतंय.”

माझी बस लागली. मी खिडकीपाशी बसलो. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा मुकादमानं मोबाइल खिशात टाकला होता. दोन कामगार चळतीपाशी आले होते आणि एकेक वीट उचलून दुसऱ्या बाजूला ठेवत होते. बसलिंगप्पा मधे उभा होता आणि अजून, अजून, असा हात करत होता. बस वळली. पुढं तिथं काय झालं, काही झालं का नाही, ते मला माहीत नाही.